ट्रंकेतील कागद आणि संगणकातील सूची

भायखळ्याच्या राणीच्या बागेस लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी पाहिलेले असते. सध्याच्या इमारतीत ते १८७२ साली लोकांस खुले झाले. परंतु त्याच्या दहा वर्षे आधी, १८६२ सालीच, या संग्रहातील मुंबई इलाख्याच्या वनस्पतिजन्य पदार्थांची सूची जॉर्ज बर्डवुड यांनी छापून काढली होती. घर बांधून होण्याआधी यादी तयार, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

मात्र वस्तुसंग्रहालयाची सूची वेगळी आणि अभिलेखांची सूची वेगळी. मूर्तीचे किंवा पुस्तकाचे वर्णन एकेकटे करता येते. कागदाचे तसे नाही. तो आपल्या शेजारच्या कागदाबरोबरच बोलतो. म्हणून १८४१ साली फ्रेंच सरकारने नियम घालून दिला की, ज्या संस्थेच्या वा कुटुंबाच्या व्यवहारातून कागद निर्माण झाले त्यांचे कागद एकत्र ठेवावेत, दुसऱ्यांच्या कागदांत मिसळू नयेत. पुढे १८८१ साली प्रशियात त्यात भर पडली : मूळ मालकाने लावलेला क्रमही मोडू नये.

हा नियम पुस्तकात वाचताना रुक्ष वाटतो. आमच्या चाळीतील सार्वजनिक मंडळाच्या दोन पत्र्याच्या ट्रंका उघडल्यावर तो मला पटला. चाळ पुनर्विकासात जाणार असल्याने ‘रद्दीवाल्याला द्या’ असाच बहुतेकांचा कल होता. एका गठ्ठ्यात गणेशोत्सवाच्या वर्गणीच्या पावतीपुस्तकांच्या स्थळप्रती होत्या, आणि त्यांच्याच मध्ये हातउसन्या रकमांच्या चिठ्ठ्या. विषयवार लावावयाचे तर वर्गणी एकीकडे, उसनवारी दुसरीकडे गेली असती. पण तो गठ्ठा १९८२ सालचा. त्या वर्षी १८ जानेवारीस गिरणी कामगारांचा संप सुरू झाला व सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. जे वर्गणी देत होते तेच मंडळाकडून उसने नेत होते, हे त्या गठ्ठ्याची सुतळी जागेवर राहिली म्हणूनच कळते. खजिनदारांना अभिलेखशास्त्र ठाऊक नसेल; पण त्यांनी बांधलेला गठ्ठा हाच पुरावा आहे.

आता प्रत्यक्ष सूचीकडे वळू. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेच्या वर्णन-मानकाची दुसरी आवृत्ती १९९९ साली मान्य झाली. तीत एकंदर २६ घटक आहेत, पण अत्यावश्यक सहाच : संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, दिनांक, आकारमान आणि वर्णनाची पातळी. पातळी म्हणजे आपण संपूर्ण संचयाविषयी लिहितो आहोत, त्यातील एखाद्या मालिकेविषयी, नस्तीविषयी की सुट्या कागदाविषयी. वरून खाली उतरत जावयाचे, आणि वर सांगितलेले खाली पुन्हा लिहावयाचे नाही. लहान संग्रहाला हे वरदानच आहे. प्रत्येक पावतीची नोंद करीत बसलो असतो तर पदवी मिळेपर्यंत पहिली ट्रंक संपली नसती.

याच मानकावर ‘अॅटम’ नावाची मोफत संगणक-प्रणाली उभारलेली आहे. ती ब्राउझरमधून वापरता येते व देवनागरीत नोंदी घेते. परंतु ती बसविण्यास सर्व्हर लागतो आणि त्याची देखभाल करणारा माणूसही लागतो. मंडळाकडे दोन्ही नाहीत. म्हणून मी साध्या तक्त्यात काम केले : एका वर्णनास एक ओळ, एका घटकास एक स्तंभ, आणि ही ओळ कोणत्या वरच्या ओळीच्या पोटात येते ते सांगणारा एक स्तंभ. असा तक्ता सीएसव्ही स्वरूपात ठेवला की पुढेमागे एखाद्या ग्रंथालयाने ‘अॅटम’ बसविल्यास, स्तंभ त्याच्या नमुन्याशी जुळवून, सर्व नोंदी तीत एकदम भरता येतात. टंकलेखन मात्र युनिकोडमध्येच हवे. जुन्या फाँटांतील मराठी पडद्यावर दिसते, पण शोधू गेल्यास सापडत नाही.

दिनांकाने सर्वांत अधिक वेळ खाल्ला. एका जमाखर्चाच्या वहीवर ‘फाल्गुन शके १८८०’ असे आहे. शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची आपली सवय. पण जानेवारी लागल्यावर, पुढील चैत्र लागेपर्यंत, ७९ मिळवावे लागतात. म्हणजे वही १९५९ ची. यासाठी दोन जागा ठेवाव्यात : एकीत कागदावर आहे तसाच दिनांक, दुसरीत यंत्राला क्रम लावता यावा म्हणून इसवी सन. नावांचेही तेच. ‘भायखळा’, ‘भायखळे’ आणि इंग्रजी पत्रातील ‘बायकला’ ही एकच जागा आहे, हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते.

राहिला उसनवारीच्या चिठ्ठ्यांचा प्रश्न. त्या कुटुंबांतील मंडळी आजही चाळीत राहतात. मानकात ‘पाहण्याच्या अटी’ असा एक घटक आहे. तो अत्यावश्यक सहांत नाही, पण असावयास हवा होता असे माझे मत आहे. तेथे मी ‘मंडळाच्या परवानगीने’ असे लिहिले आणि वर्णनात एकाही ऋणकोचे नाव घातले नाही.

तक्ता सध्या एकशे चाळीस ओळींचा झाला आहे. त्याची एक छापील प्रत मंडळाच्या सचिवांकडे दिली आहे. दुसरी ट्रंक अर्धी व्हावयाची आहे, आणि चाळ रिकामी करण्याची मुदत दिवाळीपर्यंतची आहे.