अर्धा एकर तुझ्या हाताखाली घे

अगं, आधी जरा टेक. तुझा निरोप वाचला आणि तुझी दमछाक मला इथे बसून दिसली. गावात शेतीशाळा सुरू होतेय, उमेद अभियानाच्या ताई बचत गटात नावं लिहून घेतायत, कृषी विज्ञान केंद्रवाले मातीचा नमुना आणा म्हणतायत, फोनवर सल्ल्यांचा भडिमार चाललाय. आणि नवरा म्हणतोय, यंदा तूच बघ, मला शहरातलं काम सोडून येता येत नाही. अडीच एकर कोरडवाहू रान, त्यात सोयाबीन नि तूर, घरात दोन लेकरं, सासूबाईंचे गुडघे. कुणालाही घाम फुटेल. पण खरं सांगू का, यातलं सगळं एका हंगामात करायला तुला कुणी सांगितलंय? मी तर मुळीच सांगणार नाही.

कुणाकडे काय मागायचं एवढं कळलं ना, की निम्मं ओझं उतरतं. शेतीशाळा कधी आहे, कोणत्या योजनेचा अर्ज सुरू आहे, हे गावच्या कृषी सहायकांना विचार. पिकावरचं न कळणारं दुखणं असेल, बियाणं किंवा जैविक खतं हवी असतील, तर कृषी विज्ञान केंद्र गाठ. देशातलं पहिलं केंद्र 1974 मध्ये पुदुच्चेरीत निघालं, आज अशी 700 हून जास्त आहेत, आणि तुमच्या जालना जिल्ह्याचं तर अगदी शहराजवळ, खरपुडीला. तिथे विषयतज्ज्ञ बसतात आणि त्यांना प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. उमेदच्या गटातली कृषी सखी तुझ्या हाकेच्या अंतरावर असते, तिच्याकडून दशपर्णी अर्क, जीवामृत स्वतःच्या हाताने करायला शीक. आणि रात्री आठला सोयाबीनचं पान हातात घेऊन जीव घाबरला, तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर आहे. 2004 पासून चालू आहे, फुकट आहे, सकाळी 6 ते रात्री 10 मराठीत बोलतात. मोबाइलमध्ये टाकून ठेव, आत्ताच.

आता एक रोखठोक सांगते. अनुदानावर डोळा ठेवून या कार्यक्रमांत जाऊ नकोस. अनुदान मिळालं तर घे, हक्काचं आहे. पण ते आज आहे, उद्या यादीत नाव नसेल. टिकतं ते काय, तर हंगामभर कुणीतरी जाणतं माणूस तुझ्यासोबत तुझ्या रानात उभं राहिलं होतं, हे. म्हणून मला विचारशील तर यंदा या कार्यक्रमांतली एकच गोष्ट धर. शेतीशाळा. ती पेरणीआधीच्या वर्गापासून काढणीपर्यंत पूर्ण कर, बाकीचं पुढच्या वर्षी बघू.

आणि शेतीशाळा म्हणजे खुर्च्या मांडून भाषण, असं मनात घेऊ नकोस बरं. ही पद्धत आली कुठून माहितीये? इंडोनेशियातल्या भातखाचरांतून. तिथे भातावर तपकिरी तुडतुडे माजले होते. शेतकरी जितकं फवारायचे तितके ते वाढायचे, कारण तुडतुडे खाणारे कोळी आणि इतर मित्रकिडे औषधाने आधी मरायचे. शेवटी 1986 मध्ये सरकारने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. पण नुसत्या बंदीने शेतकऱ्याच्या मनातली भीती कशी जाणार? मग 1989 पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या मदतीने बांधावरचे वर्ग सुरू झाले. आठवड्यातून एकदा खाचरात उतरायचं, रोप न्याहाळायचं, किडे मोजायचे, चित्र काढायचं आणि फवारायचं की नाही ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आपल्याकडे 2018 मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, ज्याला गावात सगळे पोकरा म्हणतात. त्याने मराठवाडा-विदर्भातल्या हजारो गावांत अशा शेतीशाळा नेल्या, काही ठिकाणी खास बायकांसाठी. एका यजमान शेतकऱ्याच्या रानात दोन तुकडे असतात: एकात शिफारशीप्रमाणे, एकात नेहमीसारखं. दोन्ही तुकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे.

तिथे गेलीस की मागच्या रांगेत बसू नकोस. झाड उपटून हातात घे. सोयाबीनवरचा चक्रीभुंगा देठावर दोन खाचा करतो आणि त्यावरचा भाग सुकून लटकतो, हे एकदा स्वतः पाहिलंस की विसरणार नाहीस. तेवढा सुकलेला भाग वेळेवर तोडून नष्ट केला तरी किडीचा जोर मोडतो, आणि हे काम खुरपायला गेलेल्या बाईइतकं चांगलं कुणाच्या हातून होतं सांग? तू वर्षानुवर्षं वाकून खुरपलंयस. पीक तुझ्या डोळ्यांसमोर सगळ्यांच्या आधी येतं. कमी आहे ते फक्त त्या पाहिलेल्याला नाव देणं, आणि ते शिकता येतं गं.

आता घरचं. शेतीशाळेत शिकशील ते करून पाहायला थोडं रान तुझ्या हाती हवं. नवऱ्याला आणि सासऱ्यांना सांग, अडीच एकरातला अर्धा एकर या हंगामापुरता माझ्या म्हणण्याप्रमाणे. नवरा 'तूच बघ' म्हणाला तरी सगळं रान मागितलंस तर कुणी देणार नाही, आणि खरं तर तूही मागू नयेस. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने नेमकं हेच बायकांना करायला शिकवलं. घरच्या रानातला एखादा एकर बाईच्या हातात, त्यात एकच नगदी पीक न लावता कडधान्य, भरड धान्य, भाजीपाला मिसळून, खतं-औषधं शक्य तेवढी घरची. दुष्काळाच्या वर्षांत या बायकांच्या घरात निदान खायला होतं. या कामासाठी संस्थेला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. हे घरात सांग, उपयोगी पडेल. बक्षिसाचं नाव निघालं की सासरेही कान देतात!

त्या अर्ध्या एकरात चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर घे. परभणीचं कृषी विद्यापीठही ही जोडी सुचवतं, आणि पावसाने सोयाबीनला दगा दिला तरी तूर उभी राहते. तुरीचं बियाणं बदनापूरच्या संशोधन केंद्राचं बघ, तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. बीडीएन 711 लवकर येणारा वाण आहे, हलक्या-मध्यम रानाला बरा. सोयाबीनचं घरचं बियाणं असेल तर आधी उगवण तपास: शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव, आठवड्याने मोज. सत्तर उगवले तर एकरी 30 किलोचा हिशेब बरोबर, त्याहून कमी आले तर बियाणं वाढव. पेरणीआधी रायझोबियम आणि ट्रायकोडर्मा चोळायचं, पण सोयाबीनची साल फार पातळ असते, म्हणून तान्ह्या बाळाला तेल लावावं तशा हलक्या हाताने चोळ आणि सावलीत सुकव. रासायनिक बुरशीनाशक लावणार असशील तर ते आधी, जैविक सगळ्यात शेवटी. पाकिटावरची तारीख बघितल्याशिवाय विकत घेऊ नकोस. जिवंत जिवाणू नि बुरशी असते त्यात, जुनी झाली की मरते. आणि हो, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण रानात जाऊ देऊ नकोस. शेजारच्याने पेरलं म्हणून जीव वरखाली करायचा नाही. दुबार पेरणीचा खर्च तुला परवडणारा नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

निंबोळ्यांचं मात्र आत्तापासून मनावर घे. पावसाळ्याच्या तोंडाला पडतात, लेकरांना गोळा करायला लाव, गर धुऊन बिया सावलीत वाळव. पाच किलो कुटलेली बी रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, थोडं साबणाचं पाणी घालायचं आणि एकूण शंभर लिटर करायचं. झाला पाच टक्क्यांचा अर्क. संध्याकाळी फवार, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो. दुकानात किडीच्या औषधासाठी जे पैसे मोजतेस ते वाचतील. तुरीला फुलं लागायच्या सुमारास एकराला दोन कामगंध सापळे लाव. एका सापळ्यात रोज आठ-दहा पतंग, सलग दोन-तीन दिवस, असं झालं तर अळीची काळजी करायची. त्याआधी फवारणी म्हणजे पैसे पाण्यात, आणि सोबत ढालकिडे, कोळी हे आपले राखणदारही मरतात.

मातीचा नमुना देऊन टाक, त्याला फार वेळ लागत नाही. बांधाजवळचं, झाडाखालचं, उकिरड्याच्या जागेचं सोडून नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची वीतभर खोल माती काढ, एकत्र कर, अर्धा किलो पिशवीत भर. मातीच्या आरोग्याचं कार्ड आलं की सेंद्रिय कर्बाचा आकडा आधी बघ. 0.40 टक्क्यांच्या खाली असेल तर रान भुकेलं आहे, आणि ती भूक युरियाच्या पोत्याने भागत नाही. शेणखत, काडीकचरा, हिरवळीचं खत यानेच भरते, सावकाश. कार्ड ट्रंकेत ठेवू नकोस, कृषी सहायकांसमोर धर आणि विचार, यातलं कोणतं खत मी कमी करू?

आता कुणी येऊन म्हणेल, या वर्षीपासून सगळं सेंद्रिय करा, खर्च शून्य. हात जोडून नमस्कार कर आणि चहा पाजून पाठव. रासायनिक खतांवर वाढलेल्या रानाला ती खतं एकदम बंद केली की बरेचदा पहिल्या वर्षी-दोन वर्षांत उतारा घसरतो, आणि अडीच एकरवाल्या घराला तो घसरलेला उतारा म्हणजे उधारी. टिकाऊ शेती म्हणजे तुझं घरही टिकलं पाहिजे ना? ती खतं टप्प्याटप्प्याने कमी कर. तसंच सल्ल्यासोबत कुणी स्वतःचीच बाटली विकत असेल तर दोनदा विचार. सल्ला देणारा आणि विकणारा एकच माणूस असला की मला नेहमी धाकधूक वाटते.

एक मोठं दुखणं राहिलंच. सातबाऱ्यावर तुझं नाव नाही. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या खातेदारांत बायका जेमतेम 14 टक्के होत्या, आणि रानातली निम्म्याहून जास्त कामं कोण करतं ते तुला-मला माहीत आहे. शेतीशाळेला नाव नसलं तरी चालतं, तू बिनधास्त जा. पण ठिबकसाठी, अवजारांसाठी अर्ज करायची वेळ येते तेव्हा सातबारा आणि शेतकरी ओळख क्रमांक मागतात. महाराष्ट्रात 1992 पासून लक्ष्मी मुक्तीची सोय आहे: नवऱ्याने स्वखुशीने तलाठ्याकडे अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. हा विषय भांडणात काढू नकोस. चांगल्या दिवशी, हिशेबाची वही पुढ्यात ठेवून काढ.

हो, वही! ती विसरू नकोस. अर्ध्या एकराचं सगळं तिच्यात: बियाणं किती, मजुरी किती, फवारणी कधी नि का, सापळ्यात पतंग किती, काढणीला पोती किती. उरलेल्या दोन एकरांचंही घरच्यांना विचारून लिही. तू घातलेला प्रत्येक तास मजुरीच्या दराने मांड. नाहीतर स्वस्त पडलं म्हणतील आणि स्वस्त पडायचं कारण तूच असशील. पुढच्या वर्षी काय करायचं हे त्या वहीवरून ठरव, माझ्या सांगण्यावरूनही नको.

आणि पहिल्याच वर्गात वेळेचं बोलून घे. वर्ग सकाळी दहाला ठेवला असेल तर तू खुरपायला की शाळेला, हा प्रश्न दर वेळी पडणार. उभी राहा आणि म्हण, साहेब, आम्हा बायकांना दुपारी तीननंतर जमतं, आणि अंगणवाडीजवळचं रान निवडा, लेकरं डोळ्यांसमोर राहतील. त्यांनाही उपस्थिती हवीच असते, ऐकतील. एकटीने बोलायला जड जात असेल तर जाऊबाईंना आणि गटातल्या दोघींना सोबत ने, आदल्या दिवशीच त्यांच्याशी बोलून ठेव.