शेततळ्यांतील होडीसाठीं पाण्याखालील दिवा

नाशिक जिल्ह्यांतील सिन्नर, निफाड, चांदवड, येवला इत्यादि तालुक्यांत प्लॅस्टिक कागदाचें अस्तर घातलेलीं शेततळीं आतां जागोजाग दिसतात. सन २०१६ मध्यें शासनानें ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढल्यावर त्यांत आणखी भर पडली. कांहीं बागाईतदार अशा तळ्यांत रोहू, कटला व मृगळ यांचें बीज सोडतात, आणि मग त्यांस रात्रीं-अपरात्रीं लहान होडी किंवा तराफा घेऊन पाण्यावर जाणें भाग पडतें. पाण्यांतील प्राणवायु सूर्योदयापूर्वीं सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंडें वासूं लागले आहेत कीं काय, हें त्याच वेळीं पाहावयाचें असतें. हातांतील विजेरीचा झोत पाण्यावरून उलटून डोळ्यांवर येतो व खालचें कांहींच दिसत नाहीं. दिवाच पाण्याखालीं असला म्हणजे ही अडचण टळते, व जाळें किंवा अस्तराचा फाटलेला भाग नीट पाहतां येतो.

खरेदीपूर्वीं एक गोष्ट पक्की ठरवावी. पंपाच्या खोलींतून तार ओढून २३० व्होल्टचा दिवा पाण्यांत सोडूं नये. तो कितीहि स्वस्त मिळो. तारेचें वेष्टन एके ठिकाणीं चिरलें तरी ओल्या होडींतील मनुष्याचा प्राण जाऊं शकतो, आणि कागदाच्या निसरड्या उतारावरून त्याला वर ओढून काढणेंहि कठीण असतें. दिवा १२ व्होल्टचा व बॅटरीवर चालणाराच असावा. बॅटरी चार्ज करावयाची ती होडींतून काढून, कोरड्या जागीं नेऊन. चार्जर जोडलेला असतांना दिवा पाण्यांत ठेवल्यास घरच्या विजेचाच धोका पुन्हां ओढवून घेतला जातो.

आतां पैसे कोठें वांचवावे व कोठें वांचवूं नयेत तें पाहूं. दिव्यावर ‘आय.पी.’ अशीं अक्षरें व त्यांपुढें दोन अंक असतात. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यांत अर्धा तास टिकण्याची कसोटी. आपल्या कामास ती अपुरी होय. ६८ असावा, आणि कारखानदारानें किती खोलीपर्यंत हमी दिली आहे तेंहि वाचावें. येथें काटकसर करूं नये.

उलट, धातूवर अधिक खर्च करण्याचें कारण नाहीं. समुद्रावरील होड्यांस खाऱ्या पाण्यामुळें कांशाचे महाग दिवे लागतात. गोड्या पाण्यांत चांगला लेप दिलेलें अल्युमिनियम किंवा जाड प्लॅस्टिक पुरेसें आहे. रंग बदलणारे दिवे तर केवळ शोभेचे.

प्रखरतेविषयीं गैरसमज फार आहे. वॅट हें वीज किती लागते याचें माप, प्रकाशाचें नव्हे. प्रकाश ल्यूमेनमध्यें मोजतात. पण पाणी गढूळ असेल तर अधिक ल्यूमेननें फायदा होत नाहीं. मातीच्या कणांवरून प्रकाश विखुरतो व धुक्यांत मोटारीचे दिवे लावावे तसें होतें. नितळ पाण्यांत निळा प्रकाश दूर जातो, शेवाळानें हिरवट झालेल्या तळ्यांत हिरवा. लाल लवकर शोषला जातो. लहान होडीस वीस वॅटचे दोन एल.ई.डी. दिवे पुष्कळ झाले.

या दोन दिव्यांस मिळून सुमारें ३.३ अँपिअर प्रवाह लागतो. चार तासांस सुमारें १३ अँपिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचें आयुष्य घटतें, म्हणून २६ ते ३० अँपिअर-तासांची घ्यावी. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी लावण्याचा मोह होतो, परंतु ती क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठीं केलेली असते, तासन् तास थोडा थोडा देण्यासाठीं नव्हे.

तार बारीक घेणें ही खोटी बचत होय. दहा मीटर अंतरावर अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घातली तर या प्रवाहास जातां-येतां दोन व्होल्टांहून अधिक दाब वाटेंतच खर्च होतो. दीड चौरस मिलिमीटरची घातल्यास एक व्होल्टहि जात नाहीं. बॅटरीच्या धन टोंकाशींच पांच अँपिअरचा फ्यूज बसवावा. बॅटरीचा झटका बसत नसला तरी तारा एकमेकींस चिकटल्यास आग लागते.

दिवा आणल्यावर बादलीभर पाण्यांत बुडवून तासभर लावावा, मग विझवून तसाच थंड होऊं द्यावा. थंड होतांना आंतील हवा आकुंचन पावते व सांध्यांत फट असल्यास पाणी आंत ओढलें जातें. असें तीन-चार वेळां करावें. कांचेच्या आंत दंव दिसल्यास दिवा दुकानदारास परत करावा. पावती याचसाठीं जपून ठेवावयाची. पाण्याबाहेर मात्र तो फार वेळ पेटता ठेवूं नये, कारण पुष्कळ दिव्यांस पाण्यानेंच थंडावा मिळतो.

होडीच्या तळास भोंक पाडूं नये. काठावरून आंकड्यास दोरी बांधून दिवा हातभर खोल सोडावा. त्याचा भार तारेवर पडूं देऊं नये. धारदार कोपऱ्यांस रबराची पट्टी लावावी, नाहींतर दिव्यापेक्षां कागदाची दुरुस्ती महाग पडेल.

हा दिवा पाहण्यासाठीं आहे, मासे गोळा करण्यासाठीं नव्हे. समुद्रांत एल.ई.डी. दिव्यांनीं मासे ओढून पकडण्यास केंद्र शासनानें २०१७ सालीं मनाई केली आहे. धरणाच्या जलाशयांत होडी न्यावयाची असल्यास तेथील परवानगी आधीं घ्यावी. नांदूर मध्यमेश्वर हें तर पक्ष्यांचें अभयारण्य असून रामसर यादींत गेलेलें आहे. तेथें रात्रीं दिवा घेऊन जाण्याचा विचारहि करूं नये.