कंडरा दुखावलेला घोडा पुन्हा सवारीस कसा आणावा

माथेरानच्या चढउतारावर प्रवासी वाहणारा घोडा असो, वा मेंढरांबरोबर धनगराचे बिऱ्हाड नेणारे तट्टू असो, त्याच्या चार पायांवर एका कुटुंबाचा चरितार्थ चालतो. असे जनावर लंगडू लागले म्हणजे मिळकत थांबते आणि थोडा आराम पडताच त्यावर पुन्हा खोगीर घालण्याचा मोह होतो. या घाईपायी अनेक चांगले घोडे कायमचे निकामी होतात.

दुखापतीचे स्वरूप : घोड्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढील दोन पायांवर असतो. पुढच्या पायाच्या नळीमागून, गुडघ्याकडून घोट्याकडे उतरणारी जाड दोरीसारखी कंडरा हाताला लागते. खळग्यात पाय पडल्याने किंवा थकलेल्या घोड्यास दौडविल्याने तिचे तंतू तुटतात. तो भाग सुजतो, गरम लागतो व दाबताच घोडा पाय ओढून घेतो. सूज व लंगडणे काही आठवड्यांत कमी होते. परंतु आतील तंतू तेवढ्यात सांधत नाहीत. नवे तंतू आरंभी विस्कळीत व दुबळे असतात आणि पुढे अनेक महिन्यांनी बळकट होतात. म्हणून वेदना गेली म्हणजे पाय बरा झाला, असे मुळीच समजू नये.

प्रथमोपचार : काम तत्काळ थांबवून पशुवैद्यकास दाखवावे. पहिले दोन-तीन दिवस दुखऱ्या भागावर दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येकी सुमारे २० मिनिटे, थंड पाण्याची धार धरावी. पट्टी बांधताना खाली कापसाची जाड गादी घ्यावी व ताण सर्वत्र सारखा ठेवावा. जखम असल्यास धनुर्वाताची लस टोचून घ्यावी, कारण हा रोग घोड्यास फार लवकर जडतो. बिबा लावणे किंवा डाग देणे टाळावे. त्याने वेदना वाढते, कंडरा लवकर सांधत नाही. वेदनाशामक औषध देऊन घोड्यास कामास जुंपू नये. विश्रांतीच्या काळात चंदी कमी करावी व वैरण पुरेशी द्यावी, नाहीतर घोडा ठाणावर उसळून पाय पुन्हा दुखावून घेतो.

क्रमाक्रमाने व्यायाम : पशुवैद्यकाच्या संमतीने साधारणतः पुढील क्रम ठेवावा.

(१) पहिले काही आठवडे ठाणावर विश्रांती. नंतर सपाट, टणक जमिनीवर हाती धरून दिवसातून दोनदा ५ ते १० मिनिटे चालविणे. दर आठवड्यास थोडी वेळ वाढवावी.

(२) तीन-चार महिन्यांनी पाठीवर हलका स्वार घेऊन केवळ चाल.

(३) त्यानंतर सरळ रेषेत दोन-तीन मिनिटे दुडकी. ती सावकाश वाढवावी. घोड्यास गोल फिरवू नये.

(४) सहा ते आठ महिन्यांनी थोडी दौड. पूर्ण काम मात्र नऊ ते बारा महिन्यांनीच.

शक्य असेल तेथे प्रत्येक पायरीपूर्वी सोनोग्राफी करून घ्यावी. कंडरेच्या आतील स्थिती त्यावरून दिसते.

दररोजची पाहणी : व्यायामापूर्वी व दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही पुढच्या पायांवरून हात फिरवून तुलना करावी. दुखऱ्या पायास ऊब किंवा सूज वाटल्यास काम थांबवून पशुवैद्यकास कळवावे व मागील पायरीवर परत यावे. दुडकी चालीत घोडा दुखरा पाय टेकताना मान वर उचलतो. हीही खूण ओळखावी. खुराचा पुढचा भाग वाढल्यास कंडरेवर ताण पडतो, म्हणून दर सहा आठवड्यांच्या सुमारास नालबंदाकडून खूर साफ करून घ्यावेत.

ग्रामसेवकांनी या पायऱ्यांच्या तारखा मालकास एका कागदावर लिहून द्याव्यात व तो कागद ठाणाजवळ लावावयास सांगावा. वर्षभराची मिळकत बुडणे गरीब कुटुंबास जड जाते, हे खरे. तथापि तीच कंडरा दुसऱ्यांदा तुटल्यास घोडा बहुधा सवारीस येत नाही. म्हणून त्या काळात घरखर्चाची दुसरी सोय आधी पाहावी आणि खोगीर मात्र खुंटीवरच राहू द्यावे.