कोयता नंतर काढ

अगं, तुझी पटकथेची वही काल रात्री एका दमात वाचली. भाषा तुझ्या हातात आहे, त्याची काळजीच नको. पण पहिल्याच पानावर कोयता काढलास ना, तिथे मी अडखळले. त्या पोराच्या घरी चूल कशी पेटते तेच मला अजून ठाऊक नाही. मग तो मारतोय की मरतोय, माझ्या जिवाला कसं लागणार?

'मुळशी पॅटर्न' सिनेमा परत एकदा बघ. २०१८ साली आला तेव्हा तू शाळेत होतीस, तुला त्यातली हाणामारीच आठवत असेल. प्रवीण तरडे आपल्या मुळशीचे. लेखन, दिग्दर्शन दोन्ही त्यांचंच. ह्या खेपेला नायकावरची, राहुल्यावरची नजर काढ आणि त्याच्या बापाकडे बघ. मोहन जोशींचा सखाराम. जमीन विकली, पैसा उडाला आणि जिथे मालक होता तिथेच राखणदार म्हणून उभं राहायची वेळ आली. पुढे मार्केट यार्डात हमाली. आता सांग, पोराच्या हातात कोयता आला कुठून? गुंड भाईची ओळख फार नंतरची गं. सुरुवात खरेदीखतावरच्या सहीपासून झाली. तो धागा इतका घट्ट आहे, म्हणून तर २०२१ मध्ये महेश मांजरेकरांना त्याच गोष्टीवर हिंदीत 'अंतिम' करता आला.

आणि तुझ्या वहीतलं ते 'बाबा आतून तुटले होते' खोडून टाक. कॅमेऱ्याला आतलं दिसत नाही. आमच्या काकांनी हिंजवडीकडचं वावर दिलं त्या वर्षीची गोष्ट सांगते. मृगाचा पाऊस आला तसे ते सवयीने आंबेमोहराचं बियाणं काढायला माळ्यावर निघाले. शिडीच्या मधल्या पायरीवर थांबले. तसेच रिकाम्या हातांनी खाली उतरले. काकूने पाहिलं आणि काही न बोलता चहाचं आधण ठेवलं. एवढंच. मला आजही तो प्रसंग कुणाला धड सांगता येत नाही, घसा दाटतो.

असे प्रसंग तुझ्या आसपास किती आहेत! १९२१ साली मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर आपली माणसं 'जान किंवा जमीन' म्हणत उभी राहिली. बायकाही तुरुंगात गेल्या. त्यांनी लेकरं कुणाच्या ओटीत घातली असतील? घर पाण्याखाली जाणार हे कळल्यावर उंबरा ओलांडताना हातात काय उचललं असेल? मला तर एवढ्यावरच अख्खा सिनेमा दिसतो.

रविवारी मी पौडला येतेय. तोवर नवीन काही लिहू नकोस. आजीला ट्रंकेतला जुना सातबारा काढायला लाव, तिच्याशेजारी बस. तिचं बोट कुठल्या नावावर थांबतं, ती पदराने काय पुसते, कागदाची घडी परत कशी घालते, तेवढं एका पानात लिहून आण. संवाद एकही नको.