कापसाचा भाव आणि चार गरीब देश

तुम्ही खामगावच्या बाजारात कापूस नेता. त्याचा भाव नुसता खामगावात ठरत नाही. अमेरिकेचे सरकार आपल्या कापूसवाल्यांना पैसा देते, म्हणजे अनुदान. मग त्यांचा माल स्वस्तात बाहेर पडतो, अन् जगभर भाव पडतो.

२००३ साली बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड या आफ्रिकेतल्या चार देशांनी मिळून जागतिक व्यापार संघटनेत ही तक्रार मांडली. एकेकट्याला तिथे कोण विचारतो? पण त्या संघटनेत सर्वांच्या संमतीने ठराव होतात. तेव्हा गरिबाच्या ‘नाही’लाही वजन येते. स्वयंसेवी संस्थांनीही त्यांची बाजू लोकांपुढे नेली.

२००५ साली हाँगकाँगला ठरले, की श्रीमंत देशांनी कापसाच्या निर्यातीवरचे अनुदान २००६ मध्ये बंद करावे. शेतकऱ्याला घरबसल्या मिळणारे मोठे अनुदान मात्र तसेच राहिले. त्याचे भांडण अजून मिटले नाही.