झटका-कुंपणाची चाचणी

शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. गोठ्याभोवती कुंपण घालताना घरची वीज तारेत थेट सोडणे हा गुन्हा होय. त्याने माणूसही दगावतो. झटका-यंत्र मात्र सेकंदास सुमारे एक क्षणिक धक्का देते.

यंत्र नवे असूनही झटका क्षीण वाटल्यास प्रथम अर्थिंग तपासावे. यंत्र बंद करून १०० मीटर दूर लोखंडी पहारी जमिनीत ठोकून तारेस टेकवाव्यात. यंत्र चालू केल्यावर तारेचा दाब २,००० व्होल्टखाली यावा. मग मापकाची खुंटी अर्थिंगच्या सळईपासून १ मीटरवर रोवून सळईचा दाब मोजावा. तो ३०० व्होल्टहून अधिक भरल्यास आणखी सळया ठोकाव्यात. उन्हाळ्यात तेथे पाणी घालावे. कोरड्या मातीतून वीज नीट वाहत नाही.

चाचणीनंतर यंत्र बंद करून पहारी आठवणीने काढाव्यात. त्या राहिल्यास शेरडे रात्रभर उघड्यावरच आहेत असे समजावे.