स्थूलता आणि मल्टिपल स्क्लेरोसिस : एक विचार

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल टाकावे हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. पण 'अमुक गोष्टीमुळे तमुक रोग होतो' या विधानाची पारख करणे हे जितके डॉक्टरांचे काम आहे, तितकेच तर्कशास्त्राचेही आहे. शिवाय प्रस्तुत विषयाचा संबंध नेमका आपल्या वयाशी आहे. म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

प्रथम रोगाविषयी. आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टण असते. विजेच्या तारेवर रबराचे असते तसे. शरीराचे रक्षण करणारी प्रतिकारशक्तीच भ्रमिष्टासारखी या वेष्टणावर हल्ला करू लागली, की मेंदू आणि मज्जारज्जू यांत ठिकठिकाणी व्रण पडून कठीण चट्टे तयार होतात. 'मल्टिपल' म्हणजे अनेक आणि 'स्क्लेरोसिस' म्हणजे कठीण होणे. १८६८ साली पॅरिसच्या झां-मार्तें शार्को यांनी या विकाराचे व्यवस्थित वर्णन केले. एका डोळ्याने अंधुक दिसणे, हातापायांना बधिरता, तोल जाणे, कमालीचा थकवा ही त्याची काही लक्षणे. बहुधा वयाच्या विशीपासून चाळिशीपर्यंत तो प्रकट होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटीहून अधिक आढळतो. तो संसर्गजन्य नाही.

थंड प्रदेशांच्या मानाने भारतात हा रोग कमी आहे. मात्र मुंबईच्या पारशी समाजात तो लाखात वीसहून अधिक जणांना असल्याचे डॉ. नोशीर वाडिया आदी संशोधकांनी १९८८ ते १९९० च्या सुमारास दाखवून दिले. मंगळूर शहरातील २०१४ च्या एका पाहणीत हे प्रमाण लाखात आठच्या आसपास निघाले. आमच्या मिरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर होती. मंगळूरचे प्रमाण येथे लावले तर साठ-पासष्ट रुग्ण होतात. ही मोजणी नव्हे, केवळ अंदाज. पण त्यावरून हा रोग कोठे तरी परदेशात राहतो, हा समज दूर व्हावा.

आता मूळ प्रश्न. २००९ साली अमेरिकेतील कसांड्रा मंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन लाख अडतीस हजारांहून अधिक परिचारिकांची माहिती अभ्यासली. वयाच्या अठराव्या वर्षी ज्यांचा बी.एम.आय. ३० वा त्याहून अधिक होता, त्यांना पुढे हा रोग होण्याचा संभव प्रमाणात वजन असलेल्यांच्या सव्वादोन पट दिसला. (किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बी.एम.आय. मिळतो. पाच फूट तीन इंच उंचीच्या मुलीचा बी.एम.आय. ३० म्हणजे वजन सुमारे ७७ किलो.) २०१२ साली स्वीडनमध्येही विसाव्या वर्षीच्या वजनाबाबत असाच निष्कर्ष निघाला.

येथे तर्कशास्त्राचा विद्यार्थी तीन शंका घेईल. पहिली : रोगामुळे हालचाल मंदावून वजन वाढले नसेल कशावरून? उत्तर असे की, विचारलेले वजन रोगाच्या पुष्कळ आधीचे, अठराव्या-विसाव्या वर्षीचे होते.

दुसरी शंका : गरिबी, धूम्रपान, आहार असे तिसरेच कारण दोहोंच्या मागे नसेल का? या शंकेला २०१६ साली एका वेगळ्या युक्तीने उत्तर शोधले गेले. वजन वाढण्याकडे कल असलेली जनुके जन्मतःच, जणू चिठ्ठ्या टाकून, वाटली जातात. ती माणसाची राहणी पाहून येत नाहीत. अशी जनुके असणाऱ्यांतही रोगाचे प्रमाण अधिक आढळले. साधारणतः 'जास्त वजन' ते 'स्थूल' एवढ्या फरकामागे संभव सुमारे ४१ टक्क्यांनी वाढत होता.

तिसरी शंका : हे घडते कसे? चरबी हा निव्वळ साठा नसून ती लेप्टिनसारखी द्रव्ये स्रवते व शरीरात मंद दाह चालू ठेवते. त्याने प्रतिकारशक्ती चेतवली जाते. शिवाय ड जीवनसत्त्व चरबीत विरघळत असल्याने स्थूल व्यक्तींच्या रक्तात ते कमी आढळते, आणि त्याच्या कमतरतेचाही या रोगाशी संबंध दिसतो. पण केवळ तेवढेच कारण म्हणता येत नाही. आपल्या शहरांतून ड जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आहे, तरी हा रोग येथे कमीच आहे. आनुवंशिकता आहे, एपस्टाइन-बार नावाचा विषाणूही आहे. २०२२ सालच्या अमेरिकी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात या विषाणूची बाधा झाल्यानंतर संभव बत्तीस पट झालेला दिसला. स्थूलता ही अनेक धाग्यांतील एक धागा होय.

मग आपण काय समजावे? 'दुप्पट' या शब्दाने घाबरून जाऊ नये. लाखात आठाचे सोळा झाले तरी उरलेले नव्याण्णव हजार नऊशे चौऱ्याऐंशी जण या रोगापासून दूरच राहतात. उलट, रुग्णाकडे बोट दाखवणे तर सर्वथा अयोग्य. मी भाईंदर पूर्वेस केबिन रोडवर राहतो. आमच्या शेजारच्या इमारतीतील एका ताईंना हा आजार आहे. त्या पूर्वीपासून सडपातळ. तरीही 'काय खाल्लंस, काय केलंस?' असे प्रश्न त्यांना नातेवाइकांकडून ऐकावे लागतात. स्थूल असलेल्या बहुतेकांना हा रोग होत नाही आणि रोग झालेले अनेक जण स्थूल नसतात. समूहाविषयीचे सत्य हे एका माणसाविरुद्धचे आरोपपत्र होऊ शकत नाही.

परंतु म्हणून विषय सोडून द्यावा असेही नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले आहे की भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही अंगात चरबी बाळगून असतो. २००४ साली त्यांनी स्वतःची तुलना इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केली. दोघांचा बी.एम.आय. २२.३ च. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! म्हणूनच २००९ पासून भारतीयांसाठी २५ पासूनच स्थूलता धरावी असे तज्ज्ञांनी सुचविले. अर्थात परदेशी अभ्यासातील ३० आणि आपले २५ एकच, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

आमच्या रस्त्यावर संध्याकाळी पाहावे तर मुले शाळेतून क्लासला आणि क्लासमधून वडापावच्या गाडीकडे वळताना दिसतात. खेळायला मैदान नाही, इमारती इतक्या खेटून की खालच्या मजल्यावर ऊन पोहोचत नाही. त्यांना 'कमी खा' सांगणे सोपे. पण मैदान, ऊन आणि तासभर मोकळा वेळ देणे हे मोठ्यांचे व नगरपालकांचे काम आहे. स्थूलतेमागे मधुमेह व हृदयविकार तर निश्चितच उभे आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिस हे त्या यादीतील आणखी एक, छोटे पण दखल घेण्याजोगे कारण.

विद्यार्थीमित्रांस एकच सांगावेसे वाटते. एका डोळ्याने अचानक अंधुक दिसू लागले, वा बधिरता दिवसेंदिवस राहिली, तर 'अशक्तपणा असेल' म्हणून अंगावर काढू नका, मज्जाविकारतज्ज्ञांस दाखवा. १९९३ पासून रोगाची गती रोखणारी औषधे उपलब्ध होत गेली आहेत आणि ती लवकर सुरू करण्यातच लाभ आहे. १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था रुग्णांच्या पाठीशी आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या रोगाचा समावेश झाला आहे. माहिती हाताशी असली म्हणजे भीतीही आटोक्यात राहते आणि दोषारोपही.